शशीच्या खांद्यावरचा हात

शशी, शेवटी तुझा फोटोही फ्रेम करायला माझ्याकडेच आला.

तुला जाऊन सहा दिवस झाले होते. नीलावहिनी आणि रिया वर्कशॉपवर आल्या. इतकी वर्षं मी दुबईच्या ह्या अल क्वोजमध्ये आहे, पण वहिनींनी माझ्या दारातून आत पाऊल टाकलं ते पहिल्यांदाच. बाहेर सिमेंटचा ट्रक उभा होता, आत प्लायची धूळ. मी खुर्ची पुसून दिली तरी त्या उभ्याच राहिल्या. पर्समधून लिफाफा काढून म्हणाल्या, "भावजी, शुक्रवारी ऊद मेथाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवलीये. मोठा फोटो हवाय. हा एकच असा सापडला, ज्यात हे मनापासून हसतायत."

फोटो बघितल्याबरोबर मी ओळखला. आपल्या पहिल्या प्रदर्शनाचा. तू पांढऱ्या शर्टात, पोट अजून सुटलेलं नाही, आणि शेजारी एलियास. त्याचा हात तुझ्या मानेमागून येऊन डाव्या खांद्यावर पडलेला. दोघं कशाला हसत होता ते मला आजही आठवतं. फोटो काढणारा मी होतो आणि आधी लेन्सचं झाकण काढायचंच विसरलो होतो.

"अंकल, जस्ट बाबा, प्लीज," रिया म्हणाली. "कॅन यू कट द अदर मॅन आउट?"

"तो कोण आहे, माहितीये का तुला?"

"सम आर्टिस्ट, आय थिंक."

वहिनींनी पर्सची चेन लावली. करामाच्या तुमच्या दोन खोल्यांच्या घरात हा 'सम आर्टिस्ट' तीन आठवडे राहिला होता. रिया त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळायची आणि वहिनी त्याच्यासाठी भाताचं पातेलं वाढवून ठेवायच्या. पोरीला आठवत नाही यात तिचा दोष नाही, तो शेवटचा आला तेव्हाही ती जेमतेम चार-पाच वर्षांची होती. तुझ्या घरात पुन्हा कोणी त्याचं नावच काढलं नाही, तर तिला आठवणार कुठून?

"ह्याला झाकायचंय," असं म्हणून माझ्यासमोर एलियासचं काही ठेवलं गेल्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ठेवणारा तू होतास.

तुझ्याबद्दल चांगलं बोलायला बसावं तर सुरुवात पासपोर्टपासून करावी लागेल. आपण सहाजण एका खोलीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी एका मोठ्या दुकानात आरसे आणि कुराणातल्या आयतींच्या फ्रेमा बसवायचो, तू शिपिंगच्या ऑफिसात टाय लावून जायचास. कोल्हापूरहून आई गेल्याचा फोन आला आणि माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात. मालक म्हणाला, आठवडाभराने बघू. तू ऑफिसातून तसाच उठून त्याच्या दुकानात जाऊन बसलास. भांडला नाहीस. चहा प्यायलास, पुन्हा चहा मागितलास, त्याच्या मुलांची चौकशी केलीस आणि जागचा हललाच नाहीस. दुपारच्या नमाजानंतर त्याने कंटाळून कपाट उघडलं. खोलीवर येऊन तू माझ्या मांडीवर पासपोर्ट टाकलास आणि म्हणालास, "खलास, मधू. ऊठ, पँट घाल, विमान साडेचारला आहे." आईला अग्नी मला देता आला तो तुझ्यामुळे. हे मी विसरलेलो नाही, आणि माझी अडचणही तीच होती.

मग तू कामासाठी दार-एस-सलामला जायला लागलास आणि येताना नळकांड्यात गुंडाळलेले कागद आणायला लागलास. पहिलं चित्र तू माझ्या पलंगावर पसरलंस. झाडाखाली न्हाव्याचं दुकान, खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस, त्याच्या तोंडावर साबण आणि हातात ट्रान्झिस्टर. खाली उजव्या कोपऱ्यात ठळक सही: एलियास मसांजा, म्वान्झा. मी म्हटलं, आफ्रिकेत न्हावी असतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू पलंगावर लोळून हसलास. "तुला काय वाटलं, सिंह स्वतःच दाढी करतात?"

त्या हसण्यावर आपली गॅलरी उभी राहिली, शशी. लोकांना हा किस्सा तू नेहमी सांगायचास आणि त्यातला मूर्ख मी असायचो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

अल क्वोजमधलं ते अर्धं गोदाम तू घेतलंस तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. मधे प्लायवुडची भिंत, अलीकडे माझं फ्रेमिंग, पलीकडे तुझ्या पांढऱ्या भिंती. इथे कोण चित्रं बघायला येणार, असं विचारलं की तू म्हणायचास, कोणीतरी येईपर्यंत आपण बघू. तुझा नियम एकच होता: नावाशिवाय चित्र भिंतीवर चढवायचं नाही. चित्राखाली कार्ड हवंच, त्यावर चित्रकाराचं नाव, गाव, आणि चित्र काढत नसताना तो काय करतो ते. माझं अक्षर बरं म्हणून कार्डं मी लिहायचो. 'एलियास मसांजा, म्वान्झा, टांझानिया. सायकली दुरुस्त करतो.' कोणी येऊन विचारलं की मुखवटे कुठे आहेत, तर तू दार उघडून धरायचास. "मुखवटा हवा तर एअरपोर्टवर मिळेल, हबीबी. इथे माणसं आहेत." एकदा एका बाईंनी आफ्रिकेतलं एखादं चित्र दाखवा म्हटलं, तर तू त्यांना उभं करून विचारलंस, आफ्रिकेतलं म्हणजे कुठल्या गावचं? त्या बिचाऱ्या परत आल्या नाहीत. मी तुला ओरडलो होतो. पण त्या दिवशी तू मला फार आवडला होतास, हे सांगायचं राहून गेलं.

म्हणून तर हॉटेलचं प्रकरण मला जास्त लागलं. पहिल्यापासून तू साधा व्यापारी असतास तर मी चाळीस काय, चारशे पुठ्ठे कापले असते आणि घरी जाऊन जेवलो असतो.

तू एलियासकडून चाळीस चित्रं मागवली होतीस. होड्या, मासळीबाजार, सायकलवरून बकरी नेणारा पोस्टमन. त्याने सहा महिने खपून ती काढली. कागदाच्या पार कडेपर्यंत रंग आणि प्रत्येक चित्रात खाली उजवीकडे सही. नव्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये ती सगळी एकदम लागणार म्हणून तू हवेत होतास. मग हॉटेलची सजावट करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी पहिलं चित्र बघितलं, सहीवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "शशी जी, नाम-वाम नहीं चाहिए. फील चाहिए. गेस्ट को अफ्रीका फील होना चाहिए, कोई आदमी नहीं."

मला वाटलं, आता तू दार उघडशील. तू म्हणालास, "नो प्रॉब्लेम, मॅडम."

त्या गेल्यावर तू प्लायच्या भिंतीच्या अलीकडे आलास.

"मधू, माऊंट दोन इंच आत घे."

"सही जाईल."

"तीच घालवायचीये."

"खाली माणसांचे पाय आहेत, शशी. पाय पण जातील."

"हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये पाय कोण बघतं?"

"एलियासला विचारलंस?"

"तो म्वान्झात बसलाय. त्याला कसं कळणार? चाळीस चित्रं एका जागी लागतायत, हे बघ ना. दुसऱ्या कोणाची लागली का आत्तापर्यंत? यल्ला, चर्चा नको. काप."

माऊंट म्हणजे काच आणि चित्र यांच्यामध्ये बसणारी पुठ्ठ्याची चौकट. चित्र काचेला चिकटू नये म्हणून ती घालायची, आणि कागदाची कड दबेल इतपतच आत घ्यायची. कोल्हापुरात मी ज्या बाबूमामांच्या हाताखाली शिकलो, ते म्हणायचे, बाईच्या कपाळावरचं कुंकू आणि चित्रावरची सही झाकणाऱ्याने हातात सुरी धरू नये. मी हे तुला सांगितलं. तू म्हणालास, "बाबूमामांनी दुबई बघितली नव्हती."

मी कापले. चार दिवस लागले. चाळीसच्या चाळीस माऊंट एका मापाचे, कोपरे धारदार. पासपोर्ट काढून आणणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं कसं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं, पण त्याचा आता काय उपयोग.

दोन वर्षांनी तू एलियासला दुसऱ्या प्रदर्शनासाठी बोलावलंस. मला अजून समजत नाही, का बोलावलंस. तुला वाटलं असेल, तो गॅलरीत येईल, हारतुरे घेईल आणि परत जाईल. पण विमानतळावरून येतानाच त्याने विचारलं, हॉटेल कधी बघायचं? तू दोन दिवस टोलवलंस. काम चालू आहे, मॅनेजर सुट्टीवर आहे. तिसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून तुझ्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. गावात सगळ्यांना सांगून आलो आहे, म्हणाला. आईसाठी फोटो न्यायचे आहेत.

आपण तिघं गेलो. तिसऱ्या मजल्याचा कॉरिडॉर, पायाखाली मऊ गालिचा, दोन्ही बाजूंना त्याची चित्रं. त्याने पहिलं चित्र लांबून ओळखलं आणि हसत हसत जवळ गेला. मग खाली वाकला. उजव्या कोपऱ्यात त्याच्या हाताला काच लागली आणि काचेमागे माझा मलई रंगाचा पुठ्ठा. तो दुसऱ्या चित्रापाशी जाऊन वाकला. तिसऱ्यापाशी. असं करत करत तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि दुसऱ्या बाजूने परत आला. पोस्टमन सायकलवर होता, पण सायकलची चाकं अर्धीच होती. मासळी विकणाऱ्या बायका घोट्यापासून खाली नव्हत्या. सफाईचा माणूस ट्रॉली घेऊन थांबून राहिला होता.

एलियासने तुला विचारलं, हे कोणी केलं?

तू माझ्याकडे बघून म्हणालास, "द फ्रेमर मेड अ मिस्टेक." आणि लगेच खालच्या आवाजात, मराठीत, "मधू, सांभाळून घे रे."

मी सांभाळून घेतलं. "सॉरी" म्हटलं.

तो माझ्याजवळ आला. माझा उजवा हात हातात घेऊन त्याने उलटा केला आणि अंगठ्यावरचे सुरीचे जुने वण बघितले. तुझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत, "चूक एकदा होते. चाळीस वेळा होत नाही." मग पुन्हा एकदा त्या माऊंटच्या कडेवर नजर फिरवून म्हणाला, "कट सरळ आहे."

प्रदर्शनाला तो उभा राहिला, कारण शब्द दिला होता. वहिनींच्या हातचं जेवला, रियाला पाठीवर घेतलं. जाताना तुझ्याशी हात मिळवला. पण खांद्यावर हात टाकला नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे? माझ्या आलं. त्यानंतर त्याने एकही कागद पाठवला नाही. तुझे फॅक्स जात राहिले. तू म्हणायचास, कलावंत माणूस, लहरी असतात.

मी तुला किती वेळा म्हटलं, त्याला फोन कर आणि एवढंच सांग की मधूला मी सांगितलं होतं. तू दर वेळी म्हणायचास, "इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो, हे इथे इतकी वर्षं काढलेल्या दोघांनाही चांगला माहीत होता. मग तू भिंतींना रंग दिलास, आणि एका सकाळी मी आलो तर न्हाव्याच्या दुकानाच्या जागी मुखवटा होता. लाकडी, पॉलिश केलेला. प्लायच्या भिंतीतलं दार मी माझ्या बाजूने खिळे ठोकून बंद केलं. तू त्याबद्दल कधी विचारलं नाहीस. आपण दोघं समोरासमोर भेटलो की क्रिकेटवर बोलायला लागलो.

आणि तरी, तुला सांगतो, प्लायच्या पलीकडून तुझं ते मोठ्याने हसणं आलं की मी हातातली सुरी खाली ठेवून ऐकायचो. माझी ही सवय शेवटपर्यंत गेली नाही.

हॉस्पिटलमध्ये मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी तू बरा दिसत होतास. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. मी मनात ठरवून आलो होतो, की विचारायचं नाही, फक्त बसायचं. माणूस स्वतःहून बोलेल. तू बोललास. पार्किंग मिळालं का, बोललास. माझ्या वर्कशॉपचा एसी पाणी का टाकतो, त्याचं कारण समजावलंस. "साखर तपासून घे रे, तुझा चेहरा उतरलाय," म्हणालास. मग डोळे मिटून पडून राहिलास. मी अर्धा तास बसलो आणि उठलो. गाडीत आल्यावर बघतो तर सफरचंदांची पिशवी माझ्याच हातात. परत वर येऊन द्यायला हवी होती. मी नाही आलो. राग आला होता मला. चार दिवसांनी तू गेलास आणि ती सफरचंदं माझ्या फ्रिजमध्ये तशीच होती.

मला काय हवं होतं? एक वाक्य. "मधूने मी सांगितलं म्हणून कापलं." एवढंच, आणि तेही माझ्यापाशी नाही, एलियासपाशी. जगात एक माणूस आहे जो माझ्या हाताला कारागिराचा हात समजत होता, आणि त्याच्या लेखी मी एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. हे फक्त तू पुसू शकत होतास.

असो. फोटोकडे येतो.

मी फोटो मोठा करून आणला, माप घेतलं, पेन्सिलने रेघ मारली. एलियासचा चेहरा झाकणं सोपं होतं, माऊंट डावीकडून चार इंच आत घेतला की झालं. पण हात राहत होता. तुझ्या खांद्यावरची ती चार बोटं, नखांत निळा रंग. ती झाकायची तर तुझा खांदा जात होता आणि कानही. मी पट्टी तीनदा फिरवून बघितली. त्याला पुरता काढायचा तर तुला कापावं लागत होतं.

वहिनींना फोन केला. म्हटलं, एक हात दिसेल. "दिसू दे," म्हणाल्या. "हाराने झाकला जाईल. आणि भावजी, खाली ह्यांचं नाव लिहा, तुमच्या अक्षरात."

शुक्रवारी हॉल भरला होता. इथल्या सगळ्या मराठी मंडळींना तू कधी ना कधी विमानतळावरून घेऊन आला होतास, त्यामुळे ते येणारच. भाषणं झाली. एकजण म्हणाले, शशिकांतजींनी आफ्रिकेला चेहरा दिला. आणि पाय कापले, असं मी मागच्या रांगेत बसून मनात म्हटलं. दुसऱ्या एकांनी सांगितलं, त्यांनी कितीतरी अनाम चित्रकारांना जगापुढे आणलं. अनाम. शशी, तुझ्या कार्डांचे खोके अजून माझ्याकडे आहेत, त्यात एकाहत्तर नावं आहेत. सभेत त्यातलं एकही कोणी घेतलं नाही.

हार घालताना कार्यकर्त्याने तो नेमका डाव्या खांद्यावरून सोडला. लोक फुलं वाहायला रांगेत उभे राहिले. मीही राहिलो. माझी पाळी आली तेव्हा फुलं ठेवली, आणि हार दोन बोटांनी उचलून सरळ केला. हात दिसायला लागला. मग खिशातून कार्ड काढून फ्रेमच्या खालच्या पट्टीत बसवलं, गॅलरीत बसवायचो तसंच, मधोमध. वहिनींना सांगितलं होतं की नाव तिथेच लावतो.

सभा संपल्यावर रिया फोटोपाशी गेली. वाकून वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला शोधत आली.

"अंकल, इट सेज एलियास मसांजा, म्वान्झा. हू इज दॅट?"

"तो हात ज्याचा आहे, तो."

"द आर्टिस्ट?"

"तुला पाठीवर घेऊन घरभर फिरायचा. तुझ्या बाबांचे सगळ्यात चांगले दिवस होते ते, आणि माझेही. तुझ्या बाबांवर इतका जीव दुसऱ्या कोणी टाकलेला मी बघितला नाही." माझा आवाज जरा चढला असावा. दोन-तीन लोकांनी वळून बघितलं.

ती त्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अँड बाबाज नेम?"

ते माझ्या दुसऱ्या खिशात होतं. चांगलं लिहिलं होतं रे, दोनदा शाई सुकवून, तुझ्या आवडत्या काळ्या रंगात. ते मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन लावून आलो, वहिनींची माफीही मागितली. पण त्या वेळी मी खिशातून हात बाहेर काढला नाही.

"राहिलं," मी म्हटलं. "फ्रेमरची चूक."

तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला. चूक एकदाच झाली होती.